पाच गुणिले एक: दरडीच्या धोक्याला हे गणित लावायचं का?

सेफ्टीवाला_रायगड
मी एका रसायन कारखान्यात सेफ्टीला आहे. धोका मोजायला आमच्याकडे तक्ता असतो. घटना घडायची शक्यता किती, याला एक ते पाच गुण. घडली तर नुकसान किती, यालाही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार म्हणजे धोका. ओल्या फरशीवर घसरून वर्षातून दहादा कुणाचा तरी पाय मुरगळतो: ५ × १ = ५. टाकी फुटली तर पाळीवरचे सगळे कामगार जातील, पण शक्यता अगदी कमी: १ × ५ = ५. कागदावर दोन्ही सारखेच! म्हणून आमचा नियम आहे, नुकसानीला पाच गुण पडले की गुणाकार बघायचा नाही, उपाय करायचाच.

दरडीलाही हाच नियम हवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. पण नुकसानीचा रकाना आधीच भरता आला असता: घरं उताराखाली, जायला फक्त पायवाट, पोकलेन चढणार नाही. अशा वाड्या शक्यता मोजत न बसता हलवा.

कातळ_आणि_माती
दादा, नाही पटत. कारखान्यातल्या टाक्या मोजता येतात. सह्याद्रीत उताराखालच्या वस्त्यांना अंत नाही. सगळ्यांनाच पाच गुण दिले तर आधी कुणाला हलवायचं? शक्यता मोजावीच लागेल. उतार किती, कातळावर मातीचा थर किती, वर सपाटीकरण झालंय का, पाणी कुठे मुरतं. नव्या भेगा, कललेली झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा, या खुणा गावकऱ्यांनाही दिसतात.

सेफ्टीवाला_रायगड
मग क्रमात खाली असलेल्या वाडीने या पावसाळ्यात रात्री झोपायचं कुठे?

माहेरवाशीण
माझं माहेर अशाच वाडीतलं. हलण्यातला धोका तुम्ही दोघंही मोजत नाही. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं. आमडे इथे नवं गाव बांधलं, २०१७ मध्ये लोक राहायला गेले आणि त्याच वर्षीच्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या.

आमच्या आईला खाली पत्र्याची शेड मिळाली. शेळ्या मात्र वरच. सकाळी दीड तास चढायचं, संध्याकाळी तेवढंच उतरायचं. गुडघे दुखायला लागल्यावर ती वरच मुक्काम करू लागली. कागदावर ती स्थलांतरित, आणि भर आषाढात झोपायला जुन्याच घरात.

कातळ_आणि_माती
ताई, शेळ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गोठ्याशिवाय शेड देऊ नये, हे मान्य. पण सरसकट हलवण्याला माझा विरोध कायम. प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक बसवा, कारण तालुक्याचा आकडा डोंगरावरच्या पावसाचा नसतो. ठरलेली पातळी ओलांडली की त्या रात्रीपुरतं खाली उतरायचं. उगाच चारदा उठवलं तर पाचव्यांदा कुणी उठणार नाही.

माहेरवाशीण
रात्री दोन वाजता ते माप वाचणार कोण? आणि त्या काळोखात, निसरड्या पायवाटेने म्हाताऱ्यांना खाली आणणार कसं? त्याला किती गुण देता?