बंद पडलेला लॅपटॉप आणि घरचं टेबल : तुमचे अनुभव लिहा

लॅपटॉप चालू होत नाही म्हटलं की बरेच जण थेट मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला असं धरून बसतात. कधी तो खरंच गेलेला असतो. पण पुष्कळदा दोष चार्जरच्या पिनेत, रॅमच्या (मेमरीच्या पट्टीच्या) कडेवरच्या मळात नाहीतर पंख्यामागच्या धुळीत निघतो. माझं ठाम मत आहे की एक रुपयाचा सुटा भाग घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते वेगळं काढावं. त्यासाठी हा धागा. लक्षण काय होतं, काय तपासलं, काय निघालं आणि कुठे हात आवरता घेतला, हे सगळं लिहा. नुसतं 'झाला सुरू' वाचून दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात मी करतो. भाचीचा लॅपटॉप ठार बंद, दिवाही लागत नव्हता. आधी त्याच सॉकेटला मोबाईल लावून पाहिला, मग मल्टिमीटरने अडॅप्टर मोजला. वर १९.५ व्होल्ट लिहिलेले, जवळपास तेवढेच येत होते. म्हणजे चार्जर ठीक. मग चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, चार्जर परत लावला आणि लॅपटॉप सुरू झाला. बोर्डावर पॉवर सांभाळणारी एक चिप असते. ती अधूनमधून अडकते आणि साठलेला चार्ज उतरला की नव्याने कामाला लागते. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. याला खर्च काहीच नाही, म्हणून पहिला प्रयोग हाच.

अळूवडी, ठाणे
पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय, पण स्क्रीन काळी. असं असेल तर आधी रॅमवर संशय घ्या. दिवा किती वेळा लुकलुकतो किंवा किती बीप वाजतात ते मोजून त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा, बऱ्याच मॉडेल्सवर त्यावरूनच भाग कळतो. माझ्याकडे रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक पट्टी आलटून पालटून दोन्ही खाचांत लावली. एक पट्टी कुठल्याच खाचेत चालेना. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर हलक्या हाताने फिरवला, चुरा ब्रशने झटकला, पट्टी तिरकी घालून खटका बसेपर्यंत दाबली. तेव्हापासून ती नीट चालते आहे. आत हात घालण्याआधी बॅटरीचं कनेक्टर काढा आणि एखाद्या मोकळ्या धातूला हात लावा, अंगावरची स्थिर वीज उतरते. नवी पट्टी घ्यायची वेळ आलीच तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुनी सोबत न्या. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

कंदील, सांगली
लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही? गोल पिनेच्या मधोमध बारीक सुई आहे का बघा. काही कंपन्यांचे लॅपटॉप त्या सुईवरून चार्जर ओळखतात. ती वाकली की यंत्र चालतं पण बॅटरी भरत नाही. शेजाऱ्यांचा तसाच चार्जर लावून पाहिला, बॅटरी भरायला लागली. बॅटरीचे पैसे वाचले.

वऱ्हाडी_ऊन, अकोला
आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. मुलीचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की थोड्या वेळात लॅपटॉप आपोआप बंद. तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकलं, तर प्रोसेसर ९८ अंशांवर! शंभरीच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो आणि शेवटी यंत्र बंद पाडतो.

मागचं झाकण उघडलं. पंख्याची पाती स्वच्छ दिसत होती, त्यामुळे बाहेरून काही कळलंच नसतं. धूळ होती पंखा आणि तांब्याच्या नळीपुढची बारीक जाळी यांच्यामध्ये, दाबून बसलेली, चिमट्याने सलग पट्टी निघेल इतकी. पंखा सोडवून ती काढली. हवा मारताना पाती बोटाने धरा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता नळीकडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट खडखडीत वाळली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. आता भर दुपारी तापमान ७५ च्या आसपास राहतं. विदर्भातल्या मंडळींना एक कळकळीची विनंती : कूलरच्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नका. त्या हवेतला ओलावा आत जातो आणि धूळ चिकटून बसते.

गोदाकाठ, नाशिक
चार्जर लावला की कर्सर सैरावैरा पळायचा. टचपॅड बदला, असा सल्ला मिळाला होता. चार्जर काढला की मात्र टचपॅड अगदी शहाणा. मग लॅपटॉप बहिणीच्या नव्या फ्लॅटवर नेला, तिथे चार्जर लावूनही काही त्रास नाही. दोष आमच्या जुन्या वाड्याच्या वायरिंगमध्ये होता, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. अडॅप्टरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी सूक्ष्म करंट बाहेरच्या बाजूला येतो. त्याला जमिनीत जायला वाट नसली की टचपॅड गोंधळतो, आणि धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्याही येतात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतलं. टचपॅड तोच आहे.

माजघर, पुणे
गोदाकाठदादा, माझंही टचपॅडच, पण कारण निराळं आणि धोक्याचं. क्लिक होईना, म्हणून बाहेरचा माउस लावला. मग लक्षात आलं की लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय. बॅटरी फुगून खालचं झाकण आणि वरचं टचपॅड दोन्ही ढकलत होती. असं दिसलं की त्या क्षणी बंद करा, चार्जिंग थांबवा. दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. मी स्वतः काढली नाही. यंत्र गॅलरीत फरशीवर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवलं आणि दुरुस्तीवाल्यांना आधी कल्पना देऊन नेलं. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा जुनी कुठे जमा होणार हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

निळी_शाई, सोलापूर
तारीख रोज मागे जाते आणि वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडत नाहीत? बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल संपलाय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो.

सह्यवारा, बंगळुरू
स्क्रीन काळी, पण आवाज येतोय, तर अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआयने टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र आलं म्हणजे दोष पॅनेलमध्ये किंवा केबलमध्ये. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर केबलच, कारण ती बिजागरीतून जाते.

माझ्या लॅपटॉपची तर बिजागरीच उखडली होती. स्क्रू ज्यात बसतात त्या पितळी बुशा प्लास्टिकमधून सुटल्या होत्या. प्लास्टिक खरवडून दोन भागांच्या इपॉक्सीने त्या परत बसवल्या आणि पूर्ण एक दिवस झाकण उघडलं नाही. पण त्याआधी बिजागरीचा नट थोडा सैल केला. मुळात बिजागरी घट्ट झाल्यामुळेच प्लास्टिक तुटतं. ती तशीच ठेवली तर इपॉक्सीही उखडेल.