हंगामाच्या मध्यावर मैदान बदलायचंय: नवीन जागी आखणी, गोलपोस्ट आणि लीगची कामं कोणत्या क्रमाने?

कॉर्नरझेंडा:
आमच्या छोट्या फुटबॉल क्लबचा जुन्या मैदानाचा करार महिनाअखेर संपतोय, वाढवून मिळणार नाही. हंगाम आधीच भलताच गाजलाय. प्रशिक्षक अर्ध्यावर सोडून गेले, पावसामुळे चार सामने पुढे ढकलले, आणि तरी संघ दुसऱ्या क्रमांकावर आहे. घरचे सहा सामने बाकी.
नवीन जागा 112 मीटर लांब, 74 रुंद. गवत बरं आहे, पण तिथे कधी सामना झालेला नाही. जुनं मैदान 92 बाय 56 होतं. नवीन मैदान केवढं आखावं? जुने गोलपोस्ट हलवता येतील का? हाताशी तीन आठवडे आहेत.

तिसरा_पंच:
आखणीच्या आधी लीगला पत्र. मैदान बदलायला लेखी परवानगी लागतेच. पाहणीला माणूस आला आणि मैदान अर्धवट दिसलं, तर पुढची तारीख कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. म्हणून पाहणीची तारीख काँक्रीट सुकण्याच्या हिशोबाने मागा.
मग उरलेल्या सहा सामन्यांचे दोन गट करा. ज्या संघांच्या मैदानावरचा सामना अजून व्हायचाय, त्यांच्याशी अदलाबदल मागता येते: आधीचा त्यांच्याकडे, नंतरचा तुमच्याकडे. ज्यांच्याकडे खेळून झालंय, तिथे हा मार्ग बंद. तो सामना त्रयस्थ मैदानावर किंवा पुढच्या तारखेला. रखडलेले चार सामने एकाच पंधरवड्यात कोंबू नका. दुसऱ्या क्रमांकावरचे संघ तिथेच घसरतात.
चषक स्पर्धेत नाव असेल तर तिथे वेगळं कळवा. लीगने मान्य केलं म्हणजे त्यांनीही केलं, असं नसतं.

फक्की_आणि_सुतळी:
100 बाय 64 आखा. नियमात लांबी 90 ते 120 आणि रुंदी 45 ते 90 चालते, पण तुमच्या लीगची किमान मर्यादा आधी तपासा. 100 बाय 64 ला चारही बाजूंनी पाच-सहा मीटर मोकळी जागा उरते.

एक टचलाइन (लांब बाजूची रेषा) सरळ घ्या, दोन टोकांना खुंट्या, मध्ये सुतळी ताणून. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायला 3-4-5 चं माप, पण मोठं घ्या: टचलाइनवर 40 मीटर, गोलरेषेवर 30, मधला कर्ण बरोबर 50. तीन-चार मीटरच्या त्रिकोणात बोटभर चूक झाली की 64 मीटरवर ती हातभर होते. चारही कोपरे लागले की दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी 118.73 मीटर आले पाहिजेत. फरक पाच सेंटीमीटरच्या वर गेला तर पुढे जाऊच नका. कापडी टेप ताणला जातो, स्टीलचा वापरा.

सुतळी म्हणजे रेषेची बाहेरची कड. फक्की कायम आतल्या बाजूला. हे विसरलं की पेनल्टी क्षेत्र रेषेच्या जाडीइतकं मोठं होतं. गोलरेषेच्या मध्यबिंदूपासून दोन्हीकडे 20.16 मीटरवर पेनल्टी क्षेत्र आणि 9.16 वर गोल क्षेत्र. आतली खोली अनुक्रमे 16.5 आणि 5.5. पेनल्टीचा ठिपका 11 मीटरवर. बाहेरचा चाप त्या ठिपक्यावरूनच 9.15 च्या सुतळीने काढायचा, क्षेत्राच्या रेषेच्या मध्यावरून नव्हे. तो रेषेला मध्यापासून दोन्हीकडे 7.31 मीटरवर भेटला पाहिजे. नाही भेटला तर ठिपका चुकलाय.

सगळ्या रेषा एकाच जाडीच्या, 12 सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, आणि गोलरेषा पोस्टच्या जाडीइतकीच. पोस्ट 10 चा असेल तर सगळं 10 चं. या आकाराला एकूण सुमारे 695 मीटर रेषा होते, म्हणजे साधारण 70 चौरस मीटर. रंग त्या हिशोबाने आणा. कळीचा किंवा विरवलेला चुना अजिबात नको, कातडी आणि डोळे भाजतात. चुनखडीची भुकटी किंवा पाण्यात मिसळणारा लाइन मार्किंगचा रंग घ्या.

वेल्डिंगवाला_गोली:
गोलपोस्टचं उत्तर ते जमिनीत कसे बसवलेत त्यावर आहे. स्लीव्हमध्ये, म्हणजे जमिनीत पक्क्या बसवलेल्या नळीत, असतील तर सरळ उपसून निघतात. स्लीव्ह तिथेच सोडा, नवीन करा. थेट काँक्रीटमध्ये गाडलेले असतील तर जमिनीलगत कापावे लागतात, आणि मग गाडायला लांबीच उरत नाही. आत बसणारा पाइप घालून वेल्ड करावा लागतो.

नवीन स्लीव्ह 60 सेंटीमीटर खोल, तळ उघडा, खाली 10 सेंटीमीटर खडी. तळ बंद ठेवला तर पाणी साचून पोस्ट आतून गंजतो, आणि वरून काही दिसत नाही. दोन स्लीव्हचं मध्य ते मध्य अंतर 7.32 नाही! ते माप पोस्टच्या आतल्या कडांमधलं. 10 सेंटीमीटरच्या पोस्टला 7.42 घ्या. शक्यतो सांगाडा पूर्ण जोडून, ओळंब्यात आणून, टेकू देऊन मगच काँक्रीट ओता. निदान सात दिवस कोणी हात लावायचा नाही.

उंची 2.44 मीटर, दोन्ही टोकांना आणि मध्येही मोजा. जुना बार मध्ये झोळ खातो. जाळीला उघडे लोखंडी हूक नकोत, बोटं फाटतात. सरावाचे सुटे गोल असतील तर मागचा बार जमिनीला अँकर केल्याशिवाय उभे ठेवू नका. पोरं बारला लटकतात, गोल पुढे उलटतो, आणि यात जीव गेलेले आहेत.

बॉक्स_टू_बॉक्स:
एक खेळाचा मुद्दा. 92 बाय 56 वरून 100 बाय 64 म्हणजे क्षेत्रफळ जवळपास 24 टक्क्यांनी वाढतं. जुन्या मैदानावर लांब थ्रो थेट गोलतोंडाशी पडत असेल, तर इथे प्रत्येक बाजूला चार मीटर रुंदी वाढल्याने तो तेवढा आखूड पडेल. फुलबॅकची (कडेच्या बचावपटूची) धावही वाढते. पहिल्या सामन्याआधी किमान दोन सराव पूर्ण मैदानावर घ्या.

कॉर्नरझेंडा:
सगळ्यांचे आभार. पत्र आज जातंय, पोस्ट स्लीव्हमध्येच आहेत. एक राहिलं: जागेच्या एका टोकाला, जिथे गोल येईल, पाऊस पडला की पाणी थांबतं. रोलर फिरवावा का?

फक्की_आणि_सुतळी:
ओल्या जमिनीवर रोलर बिलकुल नको, माती दबून आणखी घट्ट होते. आधी 30 सेंटीमीटरचा खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला दोन-तीन सेंटीमीटरही उतरलं नाही तर खालीच चिकणमाती आहे. तिथे चर खणून खडी-पाइप टाकावे लागतील, ते हंगामानंतरचं काम. पाणी नीट उतरलं तर फक्त वरचा थर दबलाय. बागेच्या काट्याने 10–15 सेंटीमीटर खोल भोकं पाडा, काटा जरा मागे ओढून, आणि भोकांत धुतलेली जाड वाळू भरा. भोकं न पाडता नुसती वाळू पसरू नका; ती वर राहते, पाणी तिच्याखाली तुंबतं.
आणि लांबीत 12 मीटर शिल्लक आहेतच. दोन्हीकडे सहा-सहा ठेवण्याऐवजी कोरड्या टोकाला तीन आणि पाण्याच्या टोकाला नऊ ठेवा. खुंट्या ठोकायच्या आधीच हे ठरवा.