पर्समध्ये स्प्रे ठेवला म्हणजे झालं का?

घणसोली_दुसरीपाळी:
ऐरोली-रबाळे पट्ट्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या आमच्यातल्या बऱ्याच जणींकडे पेपर स्प्रे असतो. परवा एकीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढून दाखव. आधी डबा निघाला, मग छत्री, चार्जर, आणि तळाशी स्प्रे, सीलसुद्धा न फोडलेला. मुदत कधीच उलटून गेलेली. जुन्या डबीतला दाब उतरतो, फवारा लांब जात नाही. जवळ बाळगायचं तर ते चटकन हाताशी यायला हवं, चालवता यायला हवं आणि कशासाठी चालवायचं ते आधी ठरलेलं हवं. माझ्या मते फक्त निसटण्यासाठी: फवारा मारायचा, माणसं असतील तिकडे धावायचं, ११२ लावायचा. तुम्हाला काय वाटतं?

कोपरीचा_दादा:
पिऊन तर्र झालेला माणूस स्प्रेला जुमानतो होय? माझ्या खिशात घडीचा चाकू असतो. नऊ इंचांच्या आतलं पातं कायद्याला चालतं.

वाशी_कोर्टनाका:
दादा, हे अर्धंच झालं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, बरोबर. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली आयुक्त मनाई आदेश काढतात. ठाण्यात सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतातच आणि त्यात चाकू, काठ्या सगळं येतं. दुसरं म्हणजे भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. धक्काबुक्कीला चाकूने उत्तर दिलंत तर आरोपी तुम्हीच व्हाल. आणि झटापटीत तोच चाकू समोरच्याच्या हातात गेला तर?

दिव्याची_लोकल:
मला या सगळ्याचाच राग येतो. आमच्या स्टेशनबाहेरच्या वाटेवर दिवे बंद, रिक्षावाले जवळचं भाडं नाकारतात, आणि उपाय काय, तर बाईनेच पर्समध्ये आणखी एक वस्तू कोंबायची! उद्या काही झालं तर पहिला प्रश्न हाच येणार, "स्प्रे नव्हता का गं तुझ्याकडे?" मी काही बाळगत नाही, बाळगणारही नाही. दिव्यांसाठी वॉर्डात अर्ज दिलाय, त्याच्यामागे लागलेय.

घणसोली_दुसरीपाळी:
ताई, अर्जावर माझीही सही घ्या. ज्याच्याकडे काही नव्हतं त्याचा दोष कधीच नसतो, हे मला शंभर टक्के मान्य. पण दिवे लागेपर्यंत त्या वाटेने रोज जावं लागणाऱ्या मुलीला मी काय सांगू? मी तिला आधी शिट्टी आणि छोटा टॉर्च घ्यायला सांगते. टॉर्चने वाट दिसते, आणि अंगावर येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत टाकला तर दोन-तीन सेकंद मिळतात. स्प्रे लोकलच्या डब्यात तर मारूच नये. गर्दीत तो सगळ्यांच्या घशात जातो, लहान मुलांच्यासुद्धा. तिथे शिट्टी, साखळी आणि रेल्वेचा मदत क्रमांक १३९. उघड्यावरही वारा आपल्या तोंडावर असेल तर बाजूला सरकूनच मारावा.

कोपरीचा_दादा:
तुमची कलमं रात्री साडेबाराला पुलाखाली कामाला येत नाहीत. समोर तिघं असले तर टॉर्चने काय करणार?

घणसोली_दुसरीपाळी:
दादा, तिघं असले तर चाकूनेही काही होत नाही. पाकीट फेकून एका दिशेला, आपण दुसऱ्या दिशेला. पाकिटात कार्डं किती ठेवता, हे बघा आधी.