रेडिएशनला किरणोत्सर्ग म्हणायचं का प्रारण? आणि एरोसोलला?

सोलापुरी_चादर: पोरीच्या हवामानाच्या प्रोजेक्टचं मराठी करायलोय आणि रेडिएशनवरच गाडी अडली. किरणोत्सर्ग लिहिलं तर आई म्हणती, पत्र्यावर अणुबाँब पडायलाय का काय. कोशात प्रारण आहे, पण ते इथं कुणाच्या तोंडात नाही.

निवृत्त_मास्तर: आईंचं बरोबर आहे. किरणोत्सर्ग म्हटलं की युरेनियमच डोळ्यापुढं येतं. दिवसाचं ऊन आणि तापलेली जमीन रात्री वर सोडते ती उष्णता, दोन्ही प्रारणच, पहिलं लघुतरंगी, दुसरं दीर्घतरंगी. पोरांसाठी सरळ ऊन आणि जमिनीची धग लिहा की.

द्राक्षवाला: धग भारी! थंडीत मळभ आलं की आमच्या पोटात गोळा, द्राक्षावरच्या भुरी-डावणी रोगांची भीती, पण त्या रात्री गारठा कमी असतोय कारण ढग ती धग धरून परत खाली टाकतो आणि तेच मळभ दुपारी ऊन अडवतंय. वर उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग असतेत त्याला मात्र कुणी मळभ म्हणत नाही, ते ऊन बरंच सोडतेत, धग मात्र धरतेत.

सोलापुरी_चादर: बरं, एरोसोलला नुसतं धूळ चालंल?

निवृत्त_मास्तर: नाही. एरोसोल म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण आणि थेंब. धूर, समुद्राच्या फवाऱ्यातलं मीठ, ज्वालामुखीच्या गंधकाचे बारीक थेंब, सगळं त्यात येतं. 1991 ला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश उतरलं, ते त्या थेंबांनी ऊन परतवल्यामुळं. पुस्तकात वायुकलिल म्हणतात, वाचूनच घसा कोरडा पडतो.

द्राक्षवाला: 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं विमान पाऊस पाडायच्या प्रयोगासाठी आपल्याच सोलापूरवरच्या ढगात कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळत फिरायचं, तेपण एरोसोलच की. मीठ पाणी ओढतंय तसं ते कण ओल ओढतेत, थेंब मोठा होतोय. उलट नुसत्या बारीक धुराचे कण लई झाले की तेवढीच वाफ सगळ्यांत वाटली जाते, थेंब बारीकच राहतेत, ढग पांढराधोप दिसतोय पण पडायला मागत नाही. गावात असल्या कणांना 'ढगाचं बी' म्हणलं तर लगेच कळतंय.

सोलापुरी_चादर: 'ढगाचं बी' घेतलं! एरोसोल तसंच ठेवतो. आता शेवटचं, रात्री ढग सरकून गारठा वाढतोय त्याला उघडीप म्हणावं का?

द्राक्षवाला: नाय ओ, उघडीप पावसाळ्यातली. थंडीत आम्ही नुसतं 'आभाळ निवळलं' म्हणतो आणि बागेत शेकोटीची तयारी करतो.