हात आखडता असताना घरातल्या वस्तू कमी कराव्यात का?

लातूरची गृहिणी

नमस्कार. आम्ही लातूरमध्ये दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. यजमान एका कापड दुकानात कामाला असून महिन्याला १८,००० रुपये येतात आणि सासूबाई व शाळकरी मुलगा धरून आम्ही चौघे त्यात भागवतो. फ्रिज आणि मोबाईल यांच्या हप्त्यांत ३,४०० रुपये जातात. शिवाय नणंदेच्या लग्नासाठी ओळखीच्या एका गृहस्थांकडून शेकडा तीन रुपये व्याजाने घेतलेले ३०,००० अजून फिटलेले नाहीत.

मोजक्या वस्तूंत राहण्याविषयीचे, म्हणजे मिनिमलिझमचे, बरेच व्हिडिओ मी अलीकडे पाहिले आणि त्यातले म्हणणे मनाला पटले. आमच्या घरात २०० लिटरचे दोन रिकामे ड्रम, धान्याची पत्र्याची कोठी, पितळी घंगाळ आणि जुन्या लुगड्यांची पेटी एवढ्यानेच अर्धी खोली व्यापली आहे. वर्षभर हात न लावलेली वस्तू घराबाहेर काढावी, असा नियम सांगतात. त्या हिशेबाने यातले बहुतेक सामान मोडीत जाईल आणि चार पैसेही हाती येतील. सासूबाईंचा मात्र सक्त विरोध आहे. त्यांचे मन न दुखावता हे कसे करावे, आणि मुळात आमच्यासारख्यांनी ते करावे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त शिक्षिका, औसा

ताई, ड्रम विकू नका. २०१६ साली मी लातूर शहरातच राहत होते. त्याच्या दोन वर्षे आधी, इमारतीला टाकी आहे, आता साठवणीची गरज काय, अशा विचाराने मी घरातले ड्रम देऊन टाकले होते. मग मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. टँकर यायचा तो आठ-दहा दिवसांनी, आणि तो आला की ज्याच्याकडे भांडे त्याच्याकडे पाणी, असा हिशेब होता. आमच्याकडे चार बादल्या, दोन कळशा आणि एक हंडा एवढेच होते. त्या उन्हाळ्यात मी दुप्पट पैसे मोजून ड्रम विकत घेतले, आणि घेताना माझे मलाच फार वाईट वाटले.

एक वर्ष दुसऱ्यासारखे जाते अशा ठिकाणी वर्षाचा तो नियम ठीक आहे. आपल्याकडे तसे होत नाही. चार वर्षे रिकामा पडलेला ड्रम पाचव्या वर्षी घर तगवतो, आणि तो मोडीत घालून येणाऱ्या पैशांत तसा ड्रम पुन्हा मिळत नाही. ज्याला वस्तू हवी तेव्हा पुन्हा विकत घेता येते, त्याने ती निर्धास्त काढून टाकावी; ज्याला घेता येत नाही, त्याच्यासाठी ती अडचणीच्या दिवसाची तरतूद असते.

कोठीचेही तेच आहे. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्या सुमारास वर्षाची एकदम घेऊन, कडक उन्हे दाखवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवली तर ती बरेच महिने टिकते, आणि दर आठवड्याला दुकानातून पाच-पाच किलो आणणाऱ्याला जो भाव पडतो तो आपल्याला पडत नाही. कोठीच नसली तर ही काटकसर साधत नाही. सासूबाई हट्टाने बोलत नसाव्यात. त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला असेल तर त्यांना एकदा शांतपणे विचारून पाहा.

वाळूजचा कामगार

वरच्या बाईंचा मी आदर राखतो, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मी मूळचा बीड जिल्ह्यातला असून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. आमचे खोलीचे करार ११ महिन्यांचे असतात, घरमालकाने भाडे वाढवले की खोली बदलावी लागते, आणि दर वेळी टेम्पो, हमाली व बुडालेला एक रोज असा भुर्दंड पडतो. तिसऱ्यांदा खोली बदलली तेव्हा मी कपाट आणि लोखंडी पलंग विकले. आता शेगडी, कुकर, दोन पातेली, अंथरूण आणि एक ट्रंक एवढाच संसार आहे. सामान थोडे असल्यामुळे कमी भाड्याच्या लहान खोलीत भागते, हा माझा खरा फायदा झाला. तुम्ही त्याच घरात पाच-सात वर्षे राहणार असाल तर कोठी ठेवा. दर वर्षी घर बदलणार असाल तर तिचे ओझे तुम्हालाच वाहायचे आहे.

बचत गटाची सदस्य, गंगाखेड

मला तुमच्या प्रश्नात ड्रमपेक्षा ते शेकडा तीन रुपये जास्त सलले. ३०,००० वर महिन्याला ९०० रुपये, म्हणजे वर्षाला १०,८०० रुपये नुसते व्याज जाते आणि मुद्दल जागचे हलत नाही. आमच्या गटात शेकडा एक रुपयाने कर्ज मिळते. त्याच रकमेला पहिल्या महिन्यात ३०० रुपये व्याज पडेल आणि मुद्दल फिटेल तसे तेही उतरत जाईल. जवळच्या एखाद्या गटात आधी सभासद व्हा, काही महिने बचत भरा आणि मग हे कर्ज तिकडे वळवा. फ्रिजचा हप्ता संपेपर्यंत नवा हप्ता घरात येऊ देऊ नका.

दुसरे असे की, आपल्याकडे लग्नसराईत टॉवेल-टोपी आणि साड्यांचे आहेर या घरातून त्या घरात नुसते फिरत असतात. कोणी ते टॉवेल अंगाला लावत नाही, पण प्रत्येक घराचे पैसे मात्र जातात. एकट्या घराने हे बंद केले तर बोल लागतो, म्हणून आमच्या भावकीतल्या बायकांनी एकत्र बसून ठरवले आणि दोन्ही बाजूंनी आहेर बंद केला. त्याला दोन वर्षे लागली आणि दोन घरे अजून नाराज आहेत, तरीही मी ते पुन्हा करीन.

लातूरची गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी सासूबाईंजवळ बसून एकेका वस्तूविषयी विचारले. लुगड्यांपैकी दोन त्यांच्या आईची आहेत, ती राहतील; बाकीच्यांच्या थंडीच्या आत दोन वाकळा शिवायच्या ठरल्या, म्हणजे यंदा ब्लँकेट घ्यावे लागणार नाही. हे घर इतक्यात सोडायचे नसल्याने कोठी जागेवरच राहील. व्याजाचा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःहूनच म्हणाल्या की, घंगाळ मोडा आणि ते पैसे मुद्दलात भरा. ते त्यांना माहेरहून मिळालेले आहे, म्हणून मला अजून होकार देववत नाही. गल्लीतल्या बचत गटाची बैठक सोमवारी आहे, तिथे जाऊन येते आणि मग घंगाळाचे ठरवते. ड्रम आज धुऊन उन्हात पालथे घातले आहेत.