वक्तशीरपणा अंगात असतो की वेळापत्रकात?

सेकंदकाटा
‘अमुक देशाचे लोक जात्याच वक्तशीर’ हे मला मान्य नाही. स्वित्झर्लंडचंच बघा. तिथे १९८२पासून गाड्या ठरावीक अंतराने धावतात. झुरिचसारख्या जंक्शनात अनेक दिशांच्या गाड्या तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या थोडं आधी येतात, प्रवासी फलाट बदलतात आणि लगेच गाड्या सुटतात. एक गाडी दहा मिनिटं रखडली की पुढच्या सगळ्या जोडगाड्या हुकतात. घड्याळंही तशीच: स्थानकातला लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करून बाराशी थांबतो, मुख्य घड्याळाचा विद्युत इशारा आला की मिनिटकाटा पुढे उडी मारतो आणि मगच लाल काटा निघतो. सगळीकडे मिनिट एकदमच बदलतं. अशा यंत्रणेत कुणीही वेळ पाळायला शिकेल.

निवांत
यंत्रणा उभारायची बुद्धी कुठून आली मग? लोकांची उशिराची सवय मोडायला पेरू सरकारने १ मार्च २००७ला दुपारी बारा वाजता भोंगे आणि चर्चच्या घंटा वाजवून लोकांना घड्याळं जुळवायला लावली. घड्याळ जुळवल्याने अग्रक्रम बदलत नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी हाच भेद दाखवला होता: काही समाजांत एका वेळी एकच काम, बाकीचं रांगेत, काहींत अनेक कामं आणि माणसं एकत्र. दुसऱ्या प्रकारच्या समाजात समोरच्याचं बोलणं तोडून पुढच्या भेटीला पळणं हाच उद्धटपणा. तिथे उशीर म्हणजे बेफिकिरी असं धरणं अन्यायाचं आहे.

सेकंदकाटा
सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांनी ३१ देशांतल्या शहरांत तीन गोष्टी मोजल्या: साठ फूट चालायला लागणारा वेळ, टपाल तिकीट विकायला लागणारा वेळ आणि बँकांतल्या घड्याळांची अचूकता. स्वित्झर्लंड पहिला, मेक्सिको शेवटचा. अर्थव्यवस्था जितकी भक्कम, तितका वेग जास्त. यात स्वभाव कुठे आला?

निवांत
अर्धाच निष्कर्ष सांगितलात. व्यक्तिवादी समाजही वेगवान निघाले होते. संस्कृती आलीच की! शिवाय त्यांनी प्रामुख्याने वेग मोजला. भेटीला कोण वेळेवर येतं, हे नव्हे.

फलाट_३
वक्तशीरपणाची किंमतही मोजा. जपानमधल्या अमागासाकीला २५ एप्रिल २००५ला लोकल रुळांवरून घसरली, चालकासह १०७ जण गेले. आधीच्या स्थानकात गाडी पुढे निघून गेल्याने जेमतेम दीड मिनिट उशीर झाला होता. ताशी ७० किमीची मर्यादा असलेल्या वळणावर वेग ताशी ११६ किमीच्या आसपास होता. चुकणाऱ्या चालकांना अपमानास्पद ‘प्रशिक्षणा’ला बसवलं जाई, त्या धास्तीवर चौकशीत बोट ठेवलं गेलं. वेळापत्रकात सावरायला फटच नसेल, तर उशीर भरून काढायला माणूस सुरक्षितता मोडतो. म्हणून माझं मत दोघांहून वेगळं: आधी मोकळी मिनिटं ठेवा, मग शिस्त मागा.

निवांत
हे पटलं. आणि परदेशी मंडळींशी वेळ ठरवताना घड्याळ कोणतं तेही विचारा. इथिओपियात तास पहाटेपासून मोजतात, ‘तीन वाजता’ म्हणजे आपले सकाळचे नऊ. जर्मन विद्यापीठात ‘१० सी.टी.’ लिहिलं असेल तर व्याख्यान सव्वादहाला, ‘एस.टी.’ असेल तर दहाच्या ठोक्याला. दहाला पोचून दार बंद दिसलं म्हणून त्यांना बेशिस्त म्हणाल का?

सेकंदकाटा
नाही म्हणणार. पण ती पंधरा मिनिटंही नियमानेच ठरलेली आहेत, हे विसरू नका.