खेळण्यातील गाडीच्या मोटरचा वेग कमी कसा करावा?

प्रश्न
नमस्कार. मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघी एक छोटी गाडी तयार करीत आहोत. तिची पिवळी बीओ मोटर (गिअर लावलेली छोटी मोटर) चार पेन्सिल सेलवर, म्हणजे ६ व्होल्टवर चालते. वेग कमी व्हावा म्हणून मोटरच्या तारेत एक छोटा पॉट (फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा भाग) जोडला. फरशीवर गाडी हळू धावते. परंतु सतरंजीवर चढताच थांबते, हाताने ढकलल्याशिवाय पुन्हा सुटत नाही, आणि पॉटला बोट लावले तर चटका बसतो. चूक जोडणीत आहे की पद्धतीतच?

उत्तर १
ताई, जोडणी बरोबर आहे, पद्धत चुकली आहे. भार वाढला की मोटर जास्त करंट ओढते आणि करंट वाढला की पॉटमध्येच जास्त व्होल्टेज खर्ची पडते. त्यामुळे सतरंजीवर मोटरला जोर हवा असतो, नेमके तेव्हाच तिच्या वाट्याला कमी व्होल्टेज येते. चटक्याचे कारणही तेच आहे. पॉटवर ३ व्होल्ट पडत असतील आणि करंट ०.२५ अँपिअर असेल, तर ०.७५ वॉट उष्णता निर्माण होते, आणि छोट्या कार्बन पॉटला एवढी सोसत नाही.
त्याऐवजी पीडब्ल्यूएम वापरावे. यात सेलचे पूर्ण व्होल्टेज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले जाते आणि चालू राहण्याचा काळ कमी-जास्त करून वेग ठरवला जातो. आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डच्या ९ क्रमांकाच्या पिनवर हे सुमारे ४९० हर्ट्झने मिळते.

उत्तर २
वरील उत्तराला एक कळकळीची पुस्ती जोडतो. मोटर थेट पिनला जोडू नये; मध्ये मॉस्फेट (पिनच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हवाच, आणि तोही आयआरएलझेड४४एनसारखा, कारण आयआरएफ५४० पूर्ण चालू होण्यासाठी गेटला, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायाला, १० व्होल्टच्या आसपास लागतात आणि पिन तेवढे देत नाही. मोटरच्या दोन टोकांवर १एन५८१९ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा, म्हणजे पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे ठेवून जोडावा. मॉस्फेट बंद होताच मोटरच्या गुंडाळीतील करंट वाट शोधतो, आणि ती नसेल तर व्होल्टेजचा मोठा झटका बसतो. डायोड न लावल्यामुळे माझे दोन मॉस्फेट गेले आहेत. आर्डुइनोला वेगळी बॅटरी असेल, तर दोन्हींच्या निगेटिव्ह तारा एकत्र जोडाव्यात.

प्रश्नकर्ती
आपल्या दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे जोडणी केली आणि गाडी सतरंजीवर न अडता चढली. मात्र अॅनालॉगराइटमध्ये (प्रोग्रॅममधील वेग ठरवणारी आज्ञा, आकडा ० ते २५५) ६० पेक्षा कमी आकडा दिला, की मोटर नुसती गुणगुणते, चाक हलत नाही.

उत्तर १
गुणगुण त्या ४९० हर्ट्झचीच आहे. थांबलेल्या गिअरचे घर्षण मोडायला फिरत्या गिअरपेक्षा जास्त जोर लागतो, म्हणून सुरुवातीला साधारण ५० मिलिसेकंद २५५ देऊन मग हव्या त्या आकड्यावर यावे. तसे करूनही गाडी थांबत असेल, तर सतरंजीवर जिथे ती चालत राहते तो आकडा शोधून प्रोग्रॅममध्ये तीच खालची मर्यादा ठरवावी.